पाणी खाली, वावर वर

मे महिन्यात तापीकाठच्या शेतकऱ्याला नदीला पाणी किती आहे हे विचारू नये. पाइप किती वाढवले, हे विचारावं. पाणी उतरत जातं तसा पाइपच्या बुडाचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडायला लागतो. त्याला बरेच जण सरळ फुटबॉलच म्हणतात. मोटार हवा ओढते, आवाज बदलतो, वर वावरात सरीतलं पाणी तुटतं. मग दोघं-तिघं गाळात उतरतात, एक पाइप आणखी जोडतात, फुटबॉल धरून आत ढकलतात, आणि एक जण दरडीवर उभा राहून हात करतो : चालू कर. नदी आठ-दहा फूट खाली गेली, असा त्याचा अर्थ. तिचा हिशेब इथं असा पाइपांत होतो.

असंच एक तापीकाठचं गाव कोरीट : नंदुरबार तालुक्यात, नदीच्या दक्षिण अंगाला. उत्तरेला नदी, नदीपलीकडे शहादा-तळोद्याचा काळा सपाट मुलूख, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी त्यामागं सातपुड्याची निळसर रेघ. दक्षिणेकडे जावं तशी जमीन चढत, मुरमाड होत जाते. त्याच तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. राज्यातल्या मोठ्या नद्यांपैकी एक शेजारून वाहते आणि तालुक्याचा एक तुकडा पावसाच्या तोंडाकडे बघत बसतो, हे परक्याला कोडं वाटतं. इथल्या माणसाला वाटत नाही. अहिराणीत त्याचं उत्तर एका ओळीचं आहे : नदीमा पानी शे, वावरमा नही.

तापी खोऱ्याचा आढावा बहुतेक वेळा लांबीपासून सुरू होतो. या खोऱ्याचं गणित मला मात्र नेहमी उंचीचं वाटत आलं आहे. पाणी किती, याच्या आधी ते किती खाली आणि कोणत्या महिन्यात, हे इथं विचारावं लागतं. तरीही लांबी सांगायला हवीच. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईला, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५२ मीटर उंचीवर ती उगम पावते. मुलताई म्हणजे मूळतापी. आषाढ शुद्ध सप्तमीला तिथं तापीचा जन्मोत्सव होतो. पुराणांच्या हिशेबात ती सूर्याची मुलगी, यमुनेची आणि शनीची बहीण. तिथून खंबातच्या आखातापर्यंत ७२४ किलोमीटर : मध्य प्रदेशात २८२, महाराष्ट्रात २२८, गुजरातेत २१४. या प्रवासात ती मेळघाटाला उत्तरेकडून वळसा घालते, बऱ्हाणपूरच्या किल्ल्याखालून जाते, मग खानदेशात उतरते.

बऱ्हाणपूरला क्षणभर थांबू. मुमताजमहल १६३१ साली तिथं वारली आणि तिचं पहिलं दफन तापीपलीकडच्या आहुखान्यात झालं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला त्या गावची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमाराला, तिथं कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी मार्गानं, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. सैन्याची छावणी, गजबजलेलं शहर, शेजारी तापी, आणि तरी पाणी आणलं डोंगराकडून. त्यामागं कारणं एकापेक्षा जास्त असतील. पण खालची नदी उपसण्यापेक्षा वरचं पाणी उतरवून घेणं सोपं, एवढं त्या इंजिनिअरांना नक्की कळलं होतं.

नदी इतकी खाली का? दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. नर्मदा आणि तापी पश्चिमेला वळल्या, कारण त्यांनी स्वतःची दरी कोरलेली नाही, त्यांना ती आयती मिळाली. सातपुड्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीला मोठे तडे गेले, तड्यांमधले पट्टे खचले, आणि त्या खचलेल्या लांब पन्हळींतून या नद्या वाहू लागल्या. तापीच्या पन्हळीत लाखो वर्षं गाळ भरत गेला. खानदेशातली केळी-कापसाची काळी जमीन ही त्याच भरावाची वरची साय. पुढं नदीनं आपलाच साठवलेला गाळ कापत पात्र खोल नेलं. त्यामुळे काठावर उभं राहिलं तर पाणी पायाशी नसतं. मातीची उभी दरड असते, दरडीला पावसानं पाडलेल्या घळी असतात, आणि बैलगाडीची वाट त्या घळीतूनच वळणं घेत खाली उतरते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरलाही तापीचे उंच काठ सिंचनाच्या आड येताना दिसले होते.

आता उपनद्या. तापी खोऱ्याचं क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर, त्यातलं ५१,५०४ महाराष्ट्रात. म्हणजे उगम त्यांचा, मुख त्यांचं, पण पोट आपलं. या पोटाची बांधणी एकसारखी नाही. उत्तरेला सातपुडा नदीला अगदी खेटून आहे, म्हणून उजव्या तीरावरच्या नद्या आखूड आणि उतावळ्या : सुकी, मोर, गुळी, अनेर, अरुणावती, गोमाई. पावसाळ्यात दगडगोटे घेऊन धावत येतात आणि दिवाळीनंतर बघावं तर वाळू. दक्षिणेला अजिंठा-सातमाळा आणि सह्याद्रीची रांग लांब आहे, म्हणून डाव्या तीरावरच्या नद्या लांब पल्ल्याच्या : पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अमरावती, शिवण. खानदेशातली बरीचशी गावं ‘तापीकाठची’ म्हणून ओळखली जातात, पण पिढ्यान्‌पिढ्या ती जगली या उपनद्यांवर. धुळे पांझरेवर, अमळनेर बोरीवर, मालेगाव गिरणा-मोसमवर, शहादा गोमाईवर, शिरपूर अरुणावतीवर. खुद्द तापीच्या काठाला थाळनेर, प्रकाशा, सारंगखेडा, भुसावळ अशी मोजकी नावं. थाळनेर तर फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, किल्ला अगदी पात्रावर. संरक्षणाला उंच दरड चांगली. शेतीला नाही.

उपनद्यांत सगळ्यांत मोठी पूर्णा. सुमारे १८,९०० चौरस किलोमीटरचं पाणलोट, म्हणजे तापी खोऱ्याचा चौथाईहून जास्त भाग. अमरावती, अकोला, बुलढाणा हा वऱ्हाडचा गाभा तिच्या कुशीत. आणि तिच्याच दोन्ही काठांना खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते मचूळ. प्यायला नको आणि वावराला दिलं तर चोपण जमीन आणखी घट्ट होते. तापीकाठी पाणी खाली आहे म्हणून नडतं, पूर्णाकाठी ते हाताशी असूनही नडतं. याच पूर्णेचा आणि तापीचा संगम मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला होतो. वारकऱ्यांच्या मनात हा सगळा टापू मुक्ताबाईचा. शके १२१९, म्हणजे १२९७ साली ती इथं तापीतीरी गुप्त झाली अशी श्रद्धा आहे. संगमाच्या खाली हतनूरचं ४१ दरवाज्यांचं धरण आहे. भुसावळचं पिण्याचं पाणी, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, केळीच्या पट्ट्यातला कालवा असा बराच भार त्याच्यावर. संगमाच्या तोंडाशी बांधल्यामुळे दोन नद्यांचा गाळही त्याच्याच पदरात पडतो.

वाघूरचं एवढंच सांगतो की अजिंठ्याची लेणी जिच्या नालाकृती वळणावर कोरली आहेत, ती हीच नदी. गिरणा नाशिक जिल्ह्यातून येते, कळवण-मालेगाव करत नांदगाव तालुक्यात पांझणला अडते. तिथलं गिरणा धरण १९६९ चं, साठा साडेअठरा टीएमसीच्या आसपास. त्याच्या आधीपासून वर चणकापूर आणि खाली जामदा बंधारा होताच. धरण भरलं की चाळीसगाव-भडगाव-पाचोरा हसतात. नाही भरलं की जळगाव जिल्ह्यातली निम्मी वर्तमानपत्रं रोज त्याची टक्केवारी छापतात.

पांझरेपाशी मात्र मला रेंगाळायचं आहे. या खोऱ्यातली पाण्याची सगळ्यांत शहाणी व्यवस्था तिथं उभी राहिली. फड पद्धत म्हणतात तिला. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर, आणि शेजारच्या मोसम-आरम नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधाऱ्यांची मालिका आहे. बंधारा बुटका : नदी अडवायची नाही, फक्त पाणी थोडं उचलून पाटात घालायचं. पाट गावाच्या शिवारात येतो, आणि शिवाराचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात. तेच फड. एका फडात एका वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या फडात ऊस, त्यात गहू, तिसऱ्यात हरभरा किंवा नुसती पडीक. पुढल्या वर्षी फिरवायचं. माझं वावर उसाच्या फडात आहे पण मला हरभरा पेरायचा, असं चालत नाही. ज्याचं रान तिन्ही फडांत, तोच खरा सुखी.

पाणी देण्याचा हक्क शेतकऱ्याला नाही, हे या पद्धतीचं मर्म. पाणी पाटकरी देतो. तो गावानं नेमलेला. बारं धरणं त्याचं काम, वावराच्या मालकानं दाराला हात लावायचा नाही. पिकाची राखण जागल्या करतो, दोघांवर हवालदार. यांचा मोबदला धान्यात. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस. आणि पाणी कमी पडलं तर काय? तर एखाद्या टोकाच्या शेतकऱ्याचं वावर सुकत नाही, त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि किती, हे गाव बसून ठरवतं. तुटीचा वाटा सगळ्यांना. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, ही आजच्या प्रत्येक प्रकल्पाची रड आहे. फडात ‘टेल’ नावाचा वेगळा माणूसच नव्हता, कारण वरच्या वावरवाल्याचंही रान खालच्या फडात असायचं.

पांझरेवर लाटीपाडा आणि पुढं अक्कलपाडा अशी धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, आणि फडाचा जोर ओसरला. स्वतःच्या विहिरीवर बटण दाबणाऱ्याला पाटकऱ्याची काय गरज? काही बंधारे अजून पाणी देतात. आणखी एक नोंद इथंच करतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले, आणि त्यांच्या पहिल्या कामांतलं एक धुळ्याकडे पांझरेच्या पाण्याशी झटण्याचंच होतं : एका प्रवाहाखालून नळाचा सायफन नेण्याचं.

पण मग फड तापीवर का नाही झाले? उत्तर पुन्हा उंचीचं. पांझरेच्या वरच्या अंगाला पात्र उथळ आहे, उतार भरपूर आहे. दहा हातांचा बंधारा बांधला की मैलभर खाली पाणी आपोआप वावरात येतं. तापीला उतार सौम्य आणि दरड उंच. बुटक्या बंधाऱ्यानं तिचं पाणी वावराला कधीच लागणार नाही. म्हणून पांझरेकाठी पाण्याभोवती गावाची संस्था उभी राहिली आणि तापीकाठी घाट, यात्रा आणि होड्या.

यात्रेचंही बघा. कोरीटच्या बाजूनं नदी ओलांडली की प्रकाशा. गोमाई आणि पुलिंदा इथं तापीला मिळतात. केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर, संगमेश्वर ही देवळं. लोकांच्या तोंडी हे गाव दक्षिण काशी. काशी करून आलेला माणूस प्रकाशाला येऊन पूजा करतो, तेव्हाच यात्रा पुरी झाली असं इकडे मानतात. अस्थी घेऊन येणाऱ्यांची ये-जा बाराही महिने असते. थोडं वर सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला भरणारी, आणि तिच्या निमित्तानं घोड्यांचा बाजार : लांबलांबून घोडे येतात, सौदे रुमालाखाली बोटांनी झाले की घोडा नव्या मालकासमोर चार पावलं चालून दाखवतो.

प्रकाशाच्या पांढरीला मात्र देवळांहून जुनं काही आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी १९५५ च्या सुमारास तिथं उत्खनन केलं. सगळ्यांत खालच्या थरात ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली, इसवी सनापूर्वी सुमारे १७०० पासूनची. माळवा आणि जोर्वे या दोन्ही संस्कृतींची खापरं, शिवाय उत्तर हडप्पा काळाशी नातं सांगणारी. त्यावर लोहयुग, त्यावर सातवाहनकालीन आणि नंतरचे थर. म्हणजे नर्मदेपलीकडून उतरणारे, गुजरातेतून येणारे आणि गोदावरीकडून चढणारे, तिघांच्या वाटा या संगमावर भेटत होत्या. तापीकाठच्याच सावळदे गावानं तर आणखी जुन्या, चार हजार वर्षांमागच्या मृद्भांड्यांना आपलं नाव दिलं आहे. ही माणसंही दरडीवरच राहत होती आणि पाणी खालून आणत होती. डोक्यावर घडा घेऊन घळ चढण्याचं काम त्या काळापासूनचं. करणाऱ्या तेव्हाही बायकाच असाव्यात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. महाराष्ट्रात नर्मदा आणि तापी दोन्ही फक्त याच जिल्ह्याच्या वाट्याला आल्या आहेत. त्याच्या घरच्या छोट्या नद्यांत शिवण मला महत्त्वाची वाटते, कारण नंदुरबार शहराची तहान तिच्यावरच्या विरचक धरणावर आहे. नवापूरकडे रंगावली, सरपणी, नेसू. तिकडे पाऊस बरा. पूर्वेच्या टोकाला अमरावती आणि बुराई, दोघी पावसाळ्यापुरत्या. उत्तरेला गोमाई, सुसरी, वाकी सातपुड्यातून उतरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. जमिनीच्या त्या जुन्या तड्यांची आठवण अजून कोमट आहे, असं म्हणू.

तापीचं पाणी अडवण्याचं मोठं काम झालं ते अलीकडचं. तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९७-९८ मध्ये निघालं, आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे दरवाज्यांचे बॅरेज उभे राहिले. पावसाळ्यात दरवाजे उघडे, ऑक्टोबरात बंद, पात्राचाच तलाव. अमळनेर तालुक्यातलं पाडळसं त्याच मालिकेतलं, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं आणि पाव शतक उलटूनही अर्धवट. बॅरेजनं नदीचा चेहरा बदलला. पूर्वी होळीनंतर वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या पडायच्या. जिथं आता तुंब असते तिथं त्या बुडाल्या. बदल्यात फेब्रुवारीतही पात्र भरलेलं दिसायला लागलं.

भरलेलं पात्र आणि भिजलेलं वावर यांच्यामध्ये मात्र ती दरड तशीच आहे. हिशेब करून बघा. एका एकराला दोन इंच पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. ते वीस मीटर वर चढवायला कागदोपत्री अकरा युनिट वीज लागते. पंपाची आणि लांब पाइपलाइनची घट धरली की वीसच्या वर जाते. ही एका पाळीची गोष्ट. उसाला वर्षभरात अशा वीस-पंचवीस पाळ्या. म्हणून तापीकाठी पाण्याची किंमत पाणीपट्टीत नाही, वीजबिलात असते, आणि पाळी कधी द्यायची हे नदी नाही, लाइट ठरवते. रात्रीची लाइट असली की रात्रीचं पाणी.

एकट्यानं जमत नाही म्हणून लोकांनी सहकारी उपसा योजना काढल्या. काठावर मोठी जॅकवेल, त्यात शंभर-दीडशे हॉर्सपॉवरची मोटार, तिथून कोसभर आतल्या हौदापर्यंत पाइप, हौदातून पाट. धुळे-नंदुरबारच्या तापीकाठी अशा योजना एकामागून एक झाल्या आणि बऱ्याचशा बंद पडल्या. कारणं सांगायला तज्ज्ञ नको. नदीचं पाणी जॅकवेलपासून सरकलं. वीजबिल थकलं, जोडणी तुटली. कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढला. मोटारीचं तांबं आणि पाइपांचं लोखंड हळूहळू नाहीसं झालं. बॅरेज झाल्यावर पाणी जॅकवेलपाशी परत आलं, तोवर योजना मेलेली. अशा २२ योजना दुरुस्त करण्याचं काम सरकारनं पुढं हाती घेतलं. माझं मत असं की अशी योजना यंत्रानं मरत नाही, वाटणीनं मरते. पांझरेवर पाटकरी होता. जॅकवेलवर ऑपरेटर होता, पण त्याला कुणाच्या तरी फोननं दार फिरवावं लागायचं.

ज्यांना स्वतःची पाइपलाइन परवडली त्यांनी ती टाकली, आणि पट्ट्याचा रंग पालटला. दादर ज्वारी कोरडवाहूचं पीक. काळ्या जमिनीत रब्बीत नुसत्या ओलीवर येणारं. ती मागं सरली. पपई, केळी, ऊस, कापूस, मिरची आली. नंदुरबारच्या लाल मिरचीचा बाजार राज्यात नावाजलेला. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर एकरच्या एकर मिरची वाळत पडते, वाऱ्याची दिशा बदलली की अख्ख्या रस्त्याला ठसका लागतो. त्या मिरचीच्या मुळाशी गेलं तर कुठं शिवणचं, कुठं विहिरीचं आणि कुठं तापीतून चढवलेलं पाणी सापडेल. पण पथारीवर मिरचीची देठं खुडायला बसणाऱ्या बाईच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर त्यातलं काहीही पोचत नाही. तिच्या नद्या उतारावरून खाली पळून जातात आणि त्यांच्यामागोमाग तीही.

जमिनीखालचं पाणी हा वेगळा अध्याय. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्यांचा, रेतीचा जाड पट्टा आहे, भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेली नदी त्यात शिरते आणि मुरते. खालच्या गाळाच्या भरावाला तिथूनच पाणी मिळतं. यावल-रावेरच्या केळीनं हा साठा इतका उपसला की बोअर शेकडो फूट खाली गेले. शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी २००४ पासून नाले रुंद-खोल करून, ओळीनं सिमेंटचे बंधारे घालून पाणी मुरवण्याचं काम केलं. ‘शिरपूर पॅटर्न’ या नावानं ते राज्यभर गाजलं. त्याच्यावर वादही झाले. कुठंही जेसीबी घातला की पाणी मुरतं असं नाही, खाली काय आहे ते आधी बघावं लागतं. तापीच्या उत्तरेला गाळ, दक्षिणेला बहुतांश काळा कातळ. शिरपूरचा नाला कोरीटच्या दक्षिणेकडच्या मुरमात खणला तर तेच फळ येईलच असं नाही. याच मुरवण्याच्या तत्त्वावर तापी महापुनर्भरण योजना बऱ्याच वर्षांपासून चर्चेत आहे. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तिचा करार झाला. खानखानाची कुंडी आणि ही योजना यांच्यात चारशे वर्षांचं अंतर आहे. पायथा तोच.

महाराष्ट्राची हद्द संपता संपताच उकाईचा फुगवटा सुरू होतो. उकाई धरण १९७२ चं. सात हजार दशलक्ष घनमीटरवर साठा, शेकडाभराच्या वर गावं बुडाली, त्यांत आपल्या बाजूचीही. नवापूर-नंदुरबारकडे ‘उकाईग्रस्त’ हा शब्द अजून वापरात आहे. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांची पुढची पिढी त्याच पाण्यावर जाळं टाकते. धरणाखाली काकरापारचा बंधारा, त्याचे कालवे, अणुवीज केंद्र, आणि सुरत. मुघल काळात हजला निघणारी जहाजं जिथून सुटत आणि शिवाजी महाराजांनी जी १६६४ व १६७० मध्ये लुटली, ती सुरत तापीच्या मुखाची. तिचा लौकिक इतका की सयामच्या राजानं १९१५ मध्ये आपल्या एका गावाला सुरत थानी हे नाव दिलं आणि तिथल्या नदीला तापी. थायलंडच्या नकाशात ती नदी आजही तापीच आहे.

पाण्याच्या वाटणीत तापीतून महाराष्ट्राला १९१.४ टीएमसी आहेत, आणि नर्मदेतून, १९७९ च्या लवादानुसार, १०.८९. नर्मदेचा वाटा सातपुड्याला बोगदा पाडून तापी खोऱ्यात आणायचा बेत आहे. वाटा मिळाला तरी तो उचलून आणण्याचं काम उरतंच. सुलवाडे-जामफळ-कनोलीची उपसा योजना, जिचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्याला झालं, तिचंही मूळ काम तेच : पावसाळ्यातलं तापीचं पाणी पंपानं वर चढवून जामफळच्या तलावात टाकायचं. पुराचं पाणी पुरातच उचलावं, हा विचार मला पटतो. खर्चाचा आकडा मांडताना मात्र पहिल्या वर्षीचा नाही, विसाव्या वर्षीच्या वीजबिलाचा मांडावा.

पुरातच उचलायचं, कारण या खोऱ्यात वर्षाला सरासरी ८३० मिलिमीटर पाऊस पडतो तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ऑगस्ट १९६८ मध्ये, उकाई नसताना, आणि ऑगस्ट २००६ मध्ये, उकाई असताना, सुरत बुडाली. दुसऱ्या वेळी धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं. तेव्हापासून वरच्या प्रत्येक दरवाज्याचा खालच्या दरवाज्याशी धागा जोडलेला आहे. पूर्णेला पूर आला की हतनूरचे दरवाजे उघडतात, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, आणि त्याचा आकडा उकाईत वाचला जातो.

कोरीटसारख्या गावात हा धागा मोबाइलवर येतो : हतनूरमधून एवढे क्युसेक, नदीकाठच्यांनी सावध राहावं, गुरं पात्रात नेऊ नयेत. पुराचं पाणी वरून येईपर्यंत हातात काही तास असतात. मे महिन्यात ज्यांनी पाइप वाढवत मोटारी खाली खाली नेल्या होत्या तीच माणसं आता दोर, साखळ्या आणि ट्रॅक्टर घेऊन घळीशी येतात. नट गंजलेले असतात, पावसानं दरड निसरडी झालेली असते. जाड केबल गुंडाळून खांद्यावर, स्टार्टरची पेटी प्लास्टिकच्या पोत्यात. एक जण खाली बॅटरी धरून पाण्याची रेघ बघतो आणि दर पाच मिनिटांनी वर ओरडतो, अजून एक हात चढलं. मोटार दरडीच्या काठाला टेकली की कुणीतरी विचारतं, पाइपांचं काय? पाइप राहू देतात. ते गाळाखाली जातात, आणि दिवाळीनंतर खणून काढावे लागतात.